मराकानाची मोजदाद

१९५० सालच्या २९ जून रोजी रिओ दि जानेरो शहरातील, परांच्या अद्याप पुरत्या न उतरलेल्या एका नव्या क्रीडागारात स्पेन आणि चिली या दोन देशांच्या संघांमध्ये विश्वचषकाचा एक सामना झाला, आणि त्यास १९,७९० प्रेक्षक उपस्थित होते. त्यानंतर सतराव्या दिवशी, १६ जुलैस, त्याच हिरवळीवर ब्राझील व उरुग्वे यांचे संघ समोरासमोर उभे राहिले तेव्हा दाम मोजून आत आलेल्यांचीच संख्या १,७३,८५० भरली, आणि विनामूल्य प्रवेश मिळालेले सर्व लोक जमेस धरता त्या एका भिंतीच्या आत एकूण १,९९,८५४ माणसे होती असा आकडा नोंदला गेला. एकाच वास्तूला एकाच मोसमात पडलेली ही दोन मापे समोर ठेवली म्हणजे फुटबॉलचे मैदान केवढे बांधावे हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही हे ध्यानी येते. यांपैकी कोणता आकडा गवंड्याच्या हाती द्यावयाचा? वर्षातून एकदा, किंबहुना पिढीतून एकदा उगवणाऱ्या दिवसासाठी घर बांधावयाचे, की रोजच्या तुरळक येण्याजाण्यासाठी? मराकाना या नावाने जगात विश्रुत झालेल्या क्रीडागाराचा इतिहास मला याच प्रश्नाचा इतिहास वाटतो, आणि तो अशासाठी जिव्हाळ्याचा वाटतो की त्या शहराने या प्रश्नाचे उत्तर एकदा देऊन तो मिटविला नाही. साठ-पासष्ट वर्षांच्या अवधीत त्याला तेच उत्तर पुनःपुन्हा खोडून नव्याने लिहावे लागले.

दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली लक्झेंबर्ग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या परिषदेत पुढील विश्वचषक ब्राझीलकडे सोपविण्यात आला. युरोपातील नगरे भग्न झालेली असताना अशी स्पर्धा भरविण्याची ऐपत असलेले देश थोडे होते, आणि ब्राझीलला ही ऐपत जगाला दाखविण्याची उत्कंठा होती. परंतु रिओ ही त्या काळी देशाची राजधानी असूनही तिच्यापाशी राजधानीला साजेसे फुटबॉलचे प्रेक्षागार नव्हते. साँव पावलो या प्रतिस्पर्धी नगराने १९४० सालीच पाकाएम्बूचे प्रशस्त क्रीडागार उभे करून बाजी मारली होती. रिओमध्ये जे सर्वात मोठे मैदान होते ते नगराचे नव्हे, एका मंडळाचे होते; आणि त्याची कथा येथे सांगितल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही, कारण मैदानाचा आकार आणि माणसाची प्रतिष्ठा यांचा संबंध त्या शहरात प्रथम तेथे उघड झाला.

ते मंडळ म्हणजे वास्को द गामा. कालिकतच्या बंदरात उतरलेल्या ज्या पोर्तुगीज दर्यावर्दीचे नाव आपल्या गोव्यातील एका शहराने धारण केले आहे, त्याच्याच हिंदुस्थानच्या सफरीस चारशे वर्षे झाली त्या १८९८ साली रिओमधील पोर्तुगीज रहिवाशांनी हे मंडळ, प्रथम नौकानयनासाठी, स्थापन केले. पुढे त्यात फुटबॉल आला, आणि १९२३ साली कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय व कष्टकरी गोऱ्या खेळाडूंच्या बळावर या मंडळाने नगराचे अजिंक्यपद पटकाविले. ही गोष्ट उच्चभ्रू मंडळांच्या पचनी पडली नाही. त्यांनी पुढच्याच वर्षी निराळी संघटना काढली, आणि वास्कोला तीत यावयाचे असेल तर त्याने आपले बारा खेळाडू वगळावेत अशी अट घातली; त्या वेळी जी कारणे पुढे करण्यात आली त्यांत या मंडळापाशी स्वतःचे योग्य मैदान नाही हेही एक होते. वास्कोने आपल्या माणसांना वगळण्यास लेखी नकार दिला, आणि मैदानाच्या आक्षेपाला उत्तर म्हणून सभासदांकडून व पाठीराख्यांकडून वर्गणी गोळा करून १९२७ साली साँव जानुआरिओचे क्रीडागार बांधले, जे त्या समयी ब्राझीलमधील सर्वात मोठे होते. ज्यांना दाराशीच अडविले होते त्यांनी सर्वांहून मोठे दार बांधले, असा त्या बांधकामाचा अर्थ मी लावतो. पुढे मराकानाचा आकडा ठरविताना नगराच्या मनात जी ईर्षा होती, तिची धार या जुन्या प्रकरणावर लावली गेलेली होती असे मला वाटते.

१९४७ साली नव्या क्रीडागाराचा ठराव नगरसभेपुढे आला तेव्हा जो वाद माजला त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते: कोठे बांधावे, आणि केवढे बांधावे. नगराचे प्रमुख तेव्हा लोकनियुक्त नसून राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले असत, आणि त्या पदावर असलेले सेनाधिकारी आंजेलो मेंदेस दि मोराइस हे या योजनेचे खंदे पुरस्कर्ते होते. विरोधकांत अग्रभागी होते कार्लोस लासेर्दा, तीक्ष्ण लेखणीचे पत्रकार व नगरसभेचे सदस्य. खर्चाच्या आकड्यांवर त्यांचा आक्षेप होता, आणि बांधावयाचेच असेल तर ते शहरापासून दूर पश्चिमेस, जाकारेपाग्वा येथे बांधावे असा त्यांचा आग्रह होता. ज्या नगरात शाळा व इस्पितळे अपुरी आहेत तेथे चेंडूच्या खेळासाठी खजिना रिता करणे कितपत उचित, हा प्रश्नही विरोधकांकडून विचारला जात होता. आणि तो क्षुल्लक म्हणून झटकून टाकण्यासारखा नव्हता, आजही नाही. समर्थकांत आरी बारोझो होते. त्यांची गीते ब्राझीलच्या ओठांवर होती आणि रेडिओवरील त्यांची सामन्यांची वर्णने घरोघर ऐकली जात. विशेष म्हणजे ते लासेर्दांच्याच पक्षाचे नगरसदस्य होते. परंतु या मोहिमेचा खरा प्राण होते मारिओ फिल्यो. गुलाबी कागदावर निघणाऱ्या एका क्रीडा-दैनिकाचे ते संपादक होते, आणि ब्राझीलच्या फुटबॉलमधील कृष्णवर्णीयांच्या स्थानावर त्याच वर्षी, १९४७ मध्ये, त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला होता. क्रीडागार शहराच्या मध्यभागी, जेथे आगगाडी आणि ट्राम पोहोचते तेथे व्हावे, या एका मुद्द्यावर त्यांनी आपले पत्र पणास लावले.

त्यांना हवी असलेली जागा म्हणजे मराकाना नावाच्या लहानशा नदीकाठी असलेले डर्बी क्लबचे जुने घोडदौडीचे मैदान. पोपटाच्या जातीच्या एका पक्ष्याचे तुपी भाषेतील नाव नदीला मिळाले, नदीचे मोहल्ल्याला, आणि मोहल्ल्याचे अखेर या वास्तूला. घोड्यांच्या शर्यती अन्यत्र गेल्यामुळे ही विस्तीर्ण जमीन ओस पडली होती. माझ्या मते त्या वादातील निर्णायक गोष्ट जागा हीच होती. आकडा जागेच्या पाठोपाठ आला. शहरापासून कोसभर दूर बांधलेल्या क्रीडागारात ज्याच्यापाशी स्वतःचे वाहन आहे तो जातो, आणि अशा लोकांची संख्या मोजकी असते. परंतु उत्तरेकडील कामगारवस्त्यांतून येणाऱ्या आगगाडीच्या स्थानकापाशी ते बांधले की येणाऱ्यांच्या संख्येला सीमा उरत नाही. मारिओ फिल्यो यांनी जागा जिंकली तेव्हाच मोठा आकडाही अर्धाअधिक जिंकला होता.

उरलेला अर्धा आकडा ईर्षेने ठरविला. त्या काळी जगातील सर्वात मोठे फुटबॉलचे मैदान म्हणून ग्लासगो येथील हॅम्पडेन पार्कचा लौकिक होता. १९३७ साली स्कॉटलंड-इंग्लंड सामन्यास तेथे दीड लाखाच्या आसपास माणूस लोटला होता. रिओच्या नियोजकांनी हे माप समोर ठेवून त्याच्या वर आपला आराखडा नेला. शहराची लोकसंख्या १९५० च्या खानेसुमारीत २३ लाख ७७ हजारांच्या घरात भरली. म्हणजे जमलेल्या जनसमुदायाचा सर्वात मोठा आकडा खरा धरला तर त्या अखेरच्या दिवशी साऱ्या शहरातील बारा माणसांमागे एक माणूस त्या वर्तुळात सामावला होता. आपल्या प्रजेचा बारावा हिस्सा एका छपराखाली घेण्याची हिंमत कोणत्याही राजधानीने बाळगली असेल असे सहसा घडत नाही, आणि या हिंमतीबद्दल मला आदर वाटतो.

परंतु आकडा म्हणजे अखेर कशाची गणना, हे पाहिले पाहिजे. मैदानाचे माप ठरविणारा कारागीर प्रेक्षकांना नव्हे, त्यांच्या देहांना मोजतो. आणि उभ्या देहाचे माप वेगळे, बसलेल्याचे वेगळे. पुढे इंग्लंडमध्ये सरकारी मार्गदर्शिकेने उभ्या प्रेक्षकांसाठी दहा चौरस मीटरांत ५४ माणसे अशी कमाल मर्यादा मुक्रर केली, आणि कालांतराने तीही उतरवून ४७ वर आणली. बसलेल्या माणसाला त्याचे आसन व त्यापुढील पाय ठेवण्याची वाट धरून याच्या जवळजवळ दुप्पट भूमी लागते. मराकानाच्या विधात्यांपाशी असले कोष्टक नव्हते. त्यांनी खेळाच्या मैदानाभोवती, खेळपट्टीच्या पातळीवर, केवळ उभे राहण्यासाठी एक कडे मोकळे ठेवले, त्याला तेथील लोक ‘जेराल’ म्हणत. त्याच्या मागे, छायेखाली, खुर्च्यांची रांग. आणि त्यावर आकाशात गेल्यासारखे सिमेंटच्या पायऱ्यांचे प्रचंड वलय, जेथे कोणाची जागा क्रमांकाने बांधलेली नव्हती. वास्तूचा आकार लांबट वर्तुळासारखा, मोठा अक्ष ३१७ मीटर आणि लहान २७९ मीटर. क्रमांक नाही याचा अर्थ तेथे माणसांची संख्या लवचीक राहते. एक माणूस सरकला की दुसरा मावतो, आणि आपल्याकडील जत्रेच्या बैलगाडीप्रमाणे ‘आणखी एक’ याला कधी अंत नसतो. दीड लाखांच्या आसपास योजलेल्या वास्तूत दोन लाख माणूस मावला तो या लवचीकपणामुळे.

जेथे क्रमांक होता तेथे मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा होता. बांधकामाचा खर्च भागविण्यासाठी नगराने हजारो खुर्च्या नागरिकांना कायमच्या विकल्या. ज्याने ती विकत घेतली त्याला आपल्या खुर्चीवर बसण्याचा हक्क प्राप्त झाला, आणि हा हक्क वारसाने मुलाबाळांकडे जाऊ शकत असे. आपल्या जुन्या दफ्तरांतील भाषेत सांगावयाचे तर त्या खुर्च्यांचे वतन झाले. एकाच छपराखाली अशा रीतीने दोन प्रकारचे लोक आले: एक ज्याच्या आसनाला सनद होती, आणि दुसरा, स्वस्तातील स्वस्त तिकीट काढून जेरालमध्ये उभा राहणारा, ज्याचा हक्क सामन्याच्या शिटीबरोबर संपत असे. जेरालमधून खेळ नीट दिसत नसे. जमिनीच्या पातळीवरून खेळाडूंचे पायच अधिक दिसत, आणि वरून ऊन-पाऊस थेट अंगावर येई. तरीही तेथे येणाऱ्यांना नगराच्या बोलीत ‘जेराल्दिनो’ असे लाडके नाव मिळाले. ज्यांच्यापाशी सनद नव्हती त्यांनाच नाव मिळाले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

ऑगस्ट १९४८ मध्ये काम सुरू झाले आणि जून १९५० च्या मध्यास क्रीडागाराचे उद्‌घाटन झाले. म्हणजे सुमारे बावीस महिन्यांत ते खेळण्याजोगे झाले, पुरे झाले नव्हते. १ जुलै रोजी युगोस्लाव्हियाचा संघ मैदानात येत असता भुयारी वाटेतील उघड्या राहिलेल्या तुळईवर त्यांच्या राइको मितिच यांचे डोके आपटले, आणि त्यांच्या जखमेवर पट्टी बांधली जात असताना दहा खेळाडूंनी सामना सुरू करावा लागला. ते येईपर्यंत ब्राझीलचा पहिला गोल झालेला होता. काम सर्वार्थाने संपावयास १९६५ उजाडावे लागले. त्या अपुऱ्या कामाची अखेरची वर्षे ज्या गव्हर्नरांच्या कारकीर्दीत गेली ते, योगायोगाने, कार्लोस लासेर्दाच होते.

१६ जुलैच्या सामन्याची कथा इतकी सांगितली गेली आहे की मी ती थोडक्यात उरकतो. विश्वचषक जिंकण्यास ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. उत्तरार्धाच्या आरंभीच ब्राझीलच्या फ्रियासाने गोल केला, मग उरुग्वेच्या शियाफिनोने बरोबरी साधली, आणि ७९ व्या मिनिटास गिजियाच्या पायातून उरुग्वेचा दुसरा गोल झाला. उरुग्वे २, ब्राझील १. त्या स्पर्धेत हिंदुस्थानच्या संघासही स्थान मिळाले होते व तो इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात होता. परंतु आपल्या महासंघाने माघार घेतली, आणि विश्वचषकात खेळण्याची ती संधी पुन्हा आली नाही.

आता थोडे मागे वळून ज्यांच्याशी स्पर्धा मांडली होती त्या ब्रिटिशांकडे पाहू. कारण आकड्याची किंमत त्यांनी आधीच मोजली होती. १९०२ साली ग्लासगोच्याच आयब्रॉक्स मैदानात लाकडी पायऱ्या कोसळून २५ माणसे दगावली. १९२३ साली लंडनचे वेम्ब्ली क्रीडागार उघडले तेव्हा ते सव्वा लाख माणसांसाठी पुष्कळ आहे अशा विश्वासाने सर्वच तिकिटे आगाऊ विकण्याची तजवीज केली नव्हती; अधिकृत आकडा १,२६,०४७ असला तरी भिंती ओलांडून शिरलेल्यांची संख्या कोणालाच मोजता आली नाही, आणि माणसांनी भरून गेलेली हिरवळ मोकळी करण्याचे काम एका पांढऱ्या घोड्यावरील शिपायाच्या धिमेपणावर येऊन पडले. १९४६ च्या मार्चमध्ये बोल्टन येथील बर्नडेन पार्कवर रेटारेटीत ३३ माणसे चिरडली गेली. आणि त्या दुर्घटनेच्या चौकशीच्या अहवालाने प्रत्येक मैदानाची कमाल संख्या शास्त्रीय रीतीने ठरवून तिला परवान्याचे बंधन घालावे असे सुचविले. ही सूचना कायद्यात उतरावयास १९७५ साल यावे लागले, आणि तत्पूर्वी १९७१ मध्ये आयब्रॉक्सने आणखी ६६ बळी घेतले होते. १९८९ साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात जी आपत्ती झाली तिच्या बळींची संख्या अखेर ९७ वर गेली. तिच्या चौकशीनंतर तेथील बड्या मैदानांतून उभे राहण्याच्या जागाच काढून टाकण्यात आल्या. रिओमध्ये १९४७ चा वाद चालू होता तेव्हा बोल्टनच्या घटनेस जेमतेम एक वर्ष झाले होते. खजिन्याचा, जागेचा आणि अभिमानाचा विचार त्या सभागृहात भरपूर झाला. पायरीवर उभ्या असलेल्या माणसाच्या बरगड्यांचा विचार मात्र व्हावयास हवा होता तितका झाला नाही, हे मला दुःखाने म्हणावे लागते.

मराकानाची कसोटी १९९२ च्या १९ जुलै रोजी लागली. फ्लामेंगो व बोताफोगो यांच्यातील राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापूर्वी वरच्या वलयाचा कठडा गर्दीच्या दाबाने सुटला आणि माणसे खालच्या मजल्यावर कोसळली. तिघांचा मृत्यू झाला, अनेक जायबंदी झाले. त्या दिवशी आत सव्वा लाखाच्या जवळपास माणूस होता, म्हणजे १९५० च्या आकड्याहून कितीतरी कमी. तेव्हापासून नगराने आपले जुने उत्तर खोडावयास सुरुवात केली. २००० च्या सुमारास वरच्या पायऱ्यांवर आसने आली आणि आकडा लाखाच्या जवळ उतरला. २००५ साली जेराल कायमचे बंद झाले. आणि २०१४ च्या विश्वचषकासाठी आतील सारा वाडगाच पाडून नव्याने बांधण्यात आला, तेव्हा आसनसंख्या ७८ हजारांच्या घरात येऊन थांबली. प्रत्येक माणसाला क्रमांक मिळाला, पाठ टेकावयास खुर्ची मिळाली, छाया मिळाली, निघून जाण्याची मोकळी वाट मिळाली. यांपैकी एकही गोष्ट नाकारण्याजोगी नाही, आणि गर्दीत चिरडून मरण्याला कोणी परंपरेचे वैभव म्हणेल तर मी त्याच्याशी सहमत होणार नाही. परंतु जागा कमी झाल्या तेव्हा त्या वरून कमी झाल्या नाहीत, खालून झाल्या. ज्याच्या मुठीतील नाण्यांत केवळ उभे राहण्याइतकीच ऐपत होती, त्याच्यासाठी नव्या मोजदादीत रकानाच उरला नाही. आणि आपल्या घराजवळून जाणारी आगगाडी ज्या दारापाशी थांबते ते दार त्याला पूर्वीइतके जवळचे राहिले नाही. सुरक्षितता हवी म्हणून त्याला आसन द्यावयाचे आणि आसनाची किंमत त्याच्या आवाक्याबाहेर ठेवावयाची, हा व्यवहार मला न्याय्य वाटत नाही. स्वस्त आसने बांधणे अशक्य होते असे कोणी सिद्ध केलेले नाही.

आपल्याकडे कलकत्त्याने हाच प्रवास याहून कमी वर्षांत केला. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या त्या नगरापाशी आपले मोठे मैदान नव्हते, म्हणून १९७७ साली पेले आले तेव्हाही मोहन बागानबरोबरचा सामना ईडन गार्डन्स या क्रिकेटच्या मैदानात खेळवावा लागला, आणि त्याच ईडन गार्डन्समध्ये १९८० च्या १६ ऑगस्टला मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या सामन्यातील दंगलीत १६ प्रेक्षकांनी प्राण गमावले. १९८४ साली सॉल्ट लेक येथे १,२०,००० माणसांचे क्रीडागार उघडले. १९९७ च्या जुलैमध्ये त्याच दोन मंडळांच्या सामन्यास १,३१,७८१ प्रेक्षक आले. आणि २०१७ साली कुमारांच्या विश्वचषकाच्या निमित्ताने सर्वत्र खुर्च्या बसविल्या गेल्या तेव्हा त्या वास्तूचे माप सत्तर हजारांच्या आत आले. ग्लासगो, रिओ, कलकत्ता: तीन खंडांतील तीन नगरे, आणि तिघांचाही आकडा सुमारे अर्ध्यावर किंवा त्याहूनही खाली उतरलेला.

मारिओ फिल्यो १९६६ साली निवर्तले आणि त्याच वर्षी त्या क्रीडागारास त्यांचे नाव अधिकृतपणे देण्यात आले, जरी लोक नदीचेच नाव घेत राहिले. पुढे २००० साली शासनाने वास्तूस राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षण दिले. त्यामुळे पुनर्बांधणीत आतील सारे पालटले तरी बाहेरील स्तंभांचे वलय शाबूत राखले गेले. आजही सामन्याच्या दिवशी आगगाडीतून उतरलेला माणूस त्याच लांबट वर्तुळाच्या भिंतीपाशी येतो, ३१७ मीटरांच्या त्या जुन्या अक्षाच्या टोकाशी उभा राहून हातातील तिकिटावरचा आपला क्रमांक शोधतो, आणि एके काळी दोन लाख माणूस मावलेल्या त्या परिघातून अठ्ठ्याहत्तर हजारांच्या घरात प्रवेश करतो.